पुरावा आणि आडोसा : राज्यसंस्थेची हिंसा, कॅमेरा आणि समलिंगी प्रवासी

आजचा विषय ऐकून एक शंका येणं साहजिक आहे. सरकारी हिंसाचाराचा फोटो-व्हिडिओवरून छडा लावणारी पत्रकारिता एकीकडे, आणि समलिंगी, ट्रान्सजेंडर माणसांच्या प्रवासाबद्दलचं लेखन दुसरीकडे. ही दोन गाठोडी एकत्र का बांधायची? एकात प्रेतं आहेत, दुसऱ्यात हॉटेलं आणि विमानाची तिकिटं.

पण थोडं थांबून बघा. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : अमुक माणूस, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी होता, हे कुणाला कळावं? शोधपत्रकाराला ते साऱ्या जगाला कळायला हवं असतं. समलिंगी प्रवाशाला ते आपल्या माणसांना कळायला हवं असतं, पण पोलिसाला नको असतं. एकाला पुरावा हवा, दुसऱ्याला आडोसा. आणि इतिहासात असे प्रसंग आहेत की ज्यात एकाच माणसाला दोन्ही हवं होतं. आजची सुरुवात आपण अशाच एका माणसापासून करू. त्याचं नाव रॉजर केसमेंट.

काँगोमधून सुरुवात

१८८५ ते १९०८ या काळात मध्य आफ्रिकेतला काँगो हा एवढा मोठा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता. बेल्जियम देशाचा नाही हं, राजाचा. तिथे रबर गोळा करायची सक्ती होती. ठरलेला कोटा भरला नाही तर कंपन्यांचे आणि सरकारचे शिपाई गावं जाळायचे, बायकांना ओलीस ठेवायचे, माणसं मारायचे. गोळी वाया घालवली नाही याचा हिशेब म्हणून मेलेल्यांचे हात तोडून आणायची पद्धत पडली होती.

केसमेंट तेव्हा तिथे ब्रिटनचा कॉन्सल होता, जन्मानं आयरिश. १९०३ साली तो नदीनं आत गेला, गावोगाव थांबला, लोकांच्या जबान्या घेतल्या. १९०४ च्या सुरुवातीला त्याचा अहवाल ब्रिटिश सरकारनं छापला. पण छापताना परराष्ट्र खात्यानं काय केलं, तर माणसांची आणि गावांची नावं काढून तिथे नुसती अक्षरं टाकली. केसमेंट भयंकर चिडला. त्याचं म्हणणं असं की नाव काढलं की जबानीचा जीवच गेला. कोण बोललं, कुठल्या गावातलं, हे नसेल तर समोरचा म्हणणारच, की सगळं बनवलेलं आहे.

आणि तसंच झालं. एपोंडो नावाच्या एका मुलाचा हात तुटलेला होता. त्यानं आधी सांगितलं, एका पहारेकऱ्यानं तोडला. पुढे त्याची जबानी फिरली. म्हणे, रानडुकरानं चावा घेतला. लिओपोल्डच्या बाजूनं ही एकच केस उचलून धरली. एक साक्ष खोटी, तर सगळा अहवाल खोटा, असा एकूण पवित्रा. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण शंभर वर्षांनी ती जशीच्या तशी पुन्हा भेटणार आहे.

मग तोल कशानं फिरला? बऱ्याच अंशी छायाचित्रांनी. १९०४ च्या मे महिन्यात बारिंगा इथल्या मिशनवर न्साला नावाचा एक माणूस आला. त्याच्या हातात पानांची पुडी होती. पुडीत त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाऊल होतं. अॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, ते अवयव समोर ठेवले आणि फोटो काढला. त्या फोटोत रक्तपात दिसत नाही. एक बाप खाली बघत बसलेला दिसतो, बस्स.

हे फोटो इ. डी. मोरेल याच्या पुस्तकांतून छापले गेले आणि मॅजिक लँटर्नच्या खेळांतून इंग्लंड-अमेरिकेत सभागृहांच्या पडद्यांवर झळकले. मॅजिक लँटर्न म्हणजे आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ज्याचे खेळ गावोगाव केले ती ‘शांबरिक खरोलिका’. आपल्याकडे त्या काचांवर पौराणिक कथा होत्या. तिकडे त्याच यंत्रातून काँगोची साक्ष दिली जात होती. मार्क ट्वेननं १९०५ साली लिओपोल्डच्या तोंडी एक उपरोधिक स्वगत लिहिलं. त्यात राजाची मुख्य तक्रार काय, तर कोडॅक कॅमेरा. सगळ्यांना विकत घेता आलं, याला मात्र लाच देता येईना. १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावं लागलं, ते बेल्जियम सरकारकडे गेलं. हाल लगेच संपले असं नाही, पण राजाची खाजगी मालकी संपली.

एकाच दिवसाच्या दोन वह्या

१९१० साली केसमेंटला पुन्हा अशाच कामावर पाठवलं गेलं. या वेळी दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या बाजूला पुतुमायो नदीच्या खोऱ्यात. तिथेही रबरच. हुलियो सेसार अराना याची ‘पेरुव्हियन अॅमेझॉन कंपनी’ तिथल्या आदिवासींना गुलामासारखं राबवत होती. कंपनीची नोंदणी लंडनची, आणि मुकादमांमध्ये बार्बाडोसचे लोक होते, म्हणजे ब्रिटिश प्रजाजन. म्हणून ब्रिटनला चौकशीचा अधिकार. केसमेंटनं त्या बार्बाडोसच्या लोकांकडूनच जबान्या काढल्या. ज्यांनी चाबूक चालवला त्यांनीच सांगितलं, कसा चालवला. त्यानं स्वतः फोटोही काढले. अरानाही स्वस्थ बसला नाही. त्यानं पुढे सिल्विनो सांतुस नावाच्या छायाचित्रकाराला कंपनीचं चांगलं रूप टिपायच्या कामाला लावलं. म्हणजे चित्राला उत्तर चित्रानं द्यायचं, हेही तेव्हापासूनचं आहे.

१९११ साली केसमेंटला ‘सर’ हा किताब मिळाला.

आता इथे दुसरा धागा येतो. १९१० च्या त्याच दिवसांच्या केसमेंटच्या दोन वह्या आज उपलब्ध आहेत. एकीत चौकशीच्या नोंदी : कोणाला भेटलो, कोणी काय सांगितलं, कोणाच्या पाठीवर कसले वळ होते. दुसरी खाजगी रोजनिशी. तिच्यात प्रवासातल्या बंदरांवर, शहरांत भेटलेल्या पुरुषांच्या नोंदी आहेत, त्यांच्याशी आलेल्या शरीरसंबंधांच्याही, अगदी त्रोटक. ब्रिटनमध्ये १८८५ च्या कायद्यानं पुरुषा-पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवले होते आणि त्याच कायद्याखाली १८९५ साली ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला होता. केसमेंटला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? तरी त्यानं लिहिलं. जी गोष्ट कुणालाच सांगता येत नाही ती माणूस निदान वहीला सांगतो, असं आपल्याला वाटतं. पण वहीसुद्धा पुरावाच असते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. केसमेंट आयरिश स्वातंत्र्याकडे वळला, पहिल्या महायुद्धात जर्मनीची मदत मागायला गेला, आणि २१ एप्रिल १९१६ ला जर्मन पाणबुडीतून केरीच्या किनाऱ्यावर उतरला. लगेच पकडला गेला. १३५१ सालच्या कायद्याखाली राजद्रोहाचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. दयेचे अर्ज सुरू झाले. ‘शेरलॉक होम्स’चा लेखक आर्थर कॉनन डॉयल, ज्यानं स्वतः १९०९ साली काँगोवर पुस्तक लिहिलं होतं, तोही अर्जदारांत होता.

याच दिवसांत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या खाजगी रोजनिशीच्या नकला आणि पानांचे फोटो निवडक लोकांना दाखवायला सुरुवात केली. पत्रकारांना, वजनदार लोकांना, अमेरिकेच्या राजदूताला. कोर्टात नाही, उघडपणे नाही. खाजगीत, ‘बघा हा कसला माणूस आहे’ अशा सुरात. सहानुभूती आटली. ३ ऑगस्ट १९१६ ला त्याला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी दिलं.

इथे आपण जरा थांबू. ज्या माणसानं आयुष्यभर तारीख, ठिकाण, नाव लिहून ठेवून सत्ताधाऱ्यांच्या विरोधात पुरावा उभा केला, त्याच्याच तारीख-ठिकाणांच्या नोंदी सत्तेनं त्याच्या विरोधात वापरल्या. साधन तेच आणि सवयही तीच. वही फक्त दुसऱ्याच्या हातात गेली.

आयर्लंडमध्ये कित्येक दशकं अनेकांनी मानलं, की या रोजनिश्या ब्रिटिशांनी बनवलेल्या आहेत. देशभक्त समलिंगी असू शकतो हे पचत नव्हतं, हा त्यातला एक भाग. आणि ब्रिटिश सरकारनं त्या लपवून ठेवल्या, त्यामुळे संशयाला जागा होती, हा दुसरा. २००२ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांच्या पुढाकारानं शास्त्रीय तपासणी झाली आणि अक्षर केसमेंटचंच असल्याचा निष्कर्ष निघाला. वाद पूर्ण मिटला नाही, पण आज बहुतेक अभ्यासक रोजनिश्या खऱ्या मानतात. आणि खऱ्या मानल्या म्हणून केसमेंट लहान होत नाही. उलट दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या तरच तो पुरा दिसतो.

भिंतीवरच्या खुणा

आपल्याकडचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. डायरच्या सैनिकांनी १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत्यू. तो आकडा तेव्हाही कुणाला पटला नव्हता. पंजाबात मार्शल लॉ, बातम्यांवर बंदी. गोळीबार चालू असतानाचा फोटो कुठून असणार? पण भिंती होत्या. नारायण विनायक विरकर या मराठी छायाचित्रकारानं बागेतल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. काँग्रेसनं स्वतंत्र चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजी होते आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. त्यांनी शेकडो साक्षी घेतल्या, आणि नावानिशी छापल्या.

विरकरांच्या फोटोत माणसं मरताना दिसत नाहीत. भिंत दिसते, भोक दिसतं, त्याची उंची दिसते. आणि मग आपणच विचारतो : एवढ्या उंचीवर गोळी कुणावर झाडली? भिंत चढून पळणाऱ्यावर. ज्याला आज दृश्य शोधपत्रकारिता म्हणतात तिचं मूळ तत्त्व हेच आहे. घटना टिपलेली नसली तरी चालेल, घटनेनं जागेवर सोडलेली खूण वाचता आली पाहिजे.

खिशातली पुस्तकं

आता प्रवासाच्या धाग्याकडे पुन्हा येऊ. प्रवासात कुठे सुरक्षित राहता येईल याच्या याद्या छापणं ही वंचित माणसांची जुनी गरज. अमेरिकेत १९३६ पासून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या हार्लेमच्या पोस्टमननं कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढलं : कुठल्या गावात जेवायला मिळेल, कुठे झोपू देतील. १९६० च्या दशकाच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉब डॅमरन या बारमालकानं समलिंगी लोकांसाठी पत्त्यांचं पुस्तक सुरू केलं. खिशात मावेल एवढं. गावाचं नाव, बारचं नाव, पत्ता, आणि पुढे एकदोन अक्षरांच्या सांकेतिक खुणा. १९७० साली युरोपातून ‘स्पार्टाकस’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघू लागली.

हे पर्यटनाचं लेखन आहे का? आहे. पण त्याहून जास्त काही आहे. ज्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे संबंध गुन्हा होते आणि बारवर पोलिसांच्या धाडी पडत, त्या काळात असा पत्ता छापणं म्हणजे एका अर्थी वार्तांकनच होतं. आज इतिहासकार हीच जुनी पुस्तकं नकाशावर उतरवून अभ्यासतात, कारण त्या लोकांच्या वावराची इतकी सलग नोंद दुसरीकडे क्वचितच आहे. आपल्याकडे १९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं, तेव्हा कलम ३७७ लागू होतं. दूरच्या गावातल्या वाचकाला ‘आपण एकटे नाही’ हे कळायलाही तेव्हा छापील कागद लागायचा.

पण यादीचा धोका लक्षात घ्या. जो पत्ता मित्राला सापडतो, तो धाड घालणाऱ्यालाही सापडतो.

नाईलवरची बोट

११ मे २००१. कैरोत नाईल नदीवर नांगरलेली ‘क्वीन बोट’ नावाची तरंगती नाइटक्लब. परदेशी पर्यटकही जात अशी जागा. पोलिसांनी धाड घातली. परदेशी लोकांना सोडून दिलं, इजिप्शियन पुरुषांना धरलं. काही जणांना तर इतर ठिकाणांहून उचललं होतं. ५२ जणांवर खटला चालला, तोही आणीबाणीच्या राज्यसुरक्षा न्यायालयात. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की इजिप्तमध्ये समलिंगी संबंधांना नाव घेऊन गुन्हा ठरवणारं कलम नव्हतं. १९६१ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यातला ‘दुराचार’ हा शब्द ताणून लावला. नोव्हेंबरमध्ये २३ जणांना शिक्षा झाल्या.

तिथल्या वृत्तपत्रांनी आरोपींची नावं छापली, फोटो छापले. आणि कोर्टातलं दृश्य बघा : पिंजऱ्यात उभे असलेले तरुण, चेहऱ्यावर पांढरी फडकी बांधलेली, डोळ्यांपुरती भोकं. जगभर गेलेलं हे चित्र राज्यसंस्थेच्या हिंसेचा पुरावा आहेच. पण त्या फडक्यांना आणखी एक अर्थ आहे. ती माणसं कॅमेऱ्यापासून स्वतःला वाचवत होती. कॅमेरा इथे साक्षीदार होता आणि शिक्षाही होता.

प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यानं इथे एक गोष्ट शिकायची. एकाच बोटीवर, एकाच रात्री, पासपोर्ट बघून कोण घरी जाणार ते ठरलं. म्हणून ‘हे शहर सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कुणासाठी सुरक्षित, हे विचारायला हवं.

डोंगराची रेघ आणि सावली

जुलै २०१८ मध्ये इंटरनेटवर एक व्हिडिओ फिरू लागला. गणवेशातली माणसं दोन बायका आणि दोन लहान मुलांना मातीच्या रस्त्यानं नेतात, डोळे बांधतात आणि गोळ्या घालतात. लोक म्हणाले, हे कॅमेरूनचे सैनिक. कॅमेरूनच्या माहिती मंत्र्यांनी सांगितलं, साफ खोटं, आमच्या सैन्याचा संबंध नाही. लिओपोल्डची युक्ती पुन्हा आली : एक तपशील पकडा, सगळं खोटं ठरवा.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या चमूनं, बाहेरच्या अनेक स्वयंसेवी अभ्यासकांच्या मदतीनं, काय केलं बघा. व्हिडिओच्या सुरुवातीला पाठीमागे डोंगराची रेघ दिसते. ती उपग्रहाच्या नकाशावरच्या उंचसखलपणाशी ताडून पाहिली. जागा सापडली : कॅमेरूनच्या उत्तर टोकाला, नायजेरियाच्या सीमेजवळ झेलेवेट गावाबाहेर. मग काळ. व्हिडिओतली काही बांधकामं जुन्या-नव्या उपग्रहचित्रांत कधी होती, कधी नव्हती, यावरून नोव्हेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१६ ही चौकट मिळाली. एक पायवाट फक्त कोरड्या, कडक उन्हाच्या महिन्यांतच उठून दिसते. चौकट आणखी लहान झाली. शेवटी माणसांच्या सावल्या. सावलीच्या दिशेवरून सूर्य कुठे होता ते काढता येतं, आपल्याकडे सूर्यघड्याळ चालायचं तसंच. उत्तर आलं : २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यान.

सप्टेंबर २०१८ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याआधीच सरकारनं पवित्रा बदलून सात सैनिकांना अटक केल्याचं सांगितलं होतं. २०२० मध्ये लष्करी न्यायालयानं चौघांना १० वर्षं आणि एकाला २ वर्षं कैद सुनावली, दोघं सुटले. दोन मुलं आणि दोन बायकांच्या जिवाची ही किंमत पुरेशी आहे का, हा वेगळा प्रश्न. पण ‘असं घडलंच नाही’ हे वाक्य मात्र पुन्हा बोलता येईना.

आणि आता हेही ऐका. त्याच कॅमेरूनमध्ये समलिंगी संबंधांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या मोबाइलमध्ये सैनिकाच्या गुन्ह्याचा व्हिडिओ सापडतो, तसल्याच मोबाइलमधले संदेश आणि फोटो एखाद्या तरुणाला तुरुंगात घालायला पुरतात. म्हणून ‘सगळं उघड करा’ हे धोरण तिथल्या पत्रकाराला सरसकट पाळता येत नाही.

उसना चेहरा

मग मार्ग काय? एक प्रयत्न सांगतो आणि थांबतो. १ एप्रिल २०१७ ला रशियातल्या ‘नोवाया गझेता’ या वृत्तपत्रात येलेना मिलाशिना यांनी बातमी दिली, की चेचन्यात शंभराहून अधिक पुरुषांना समलिंगी असल्याच्या संशयावरून पकडलं आहे, छळलं आहे, काही मारले गेले आहेत. चेचन सरकारचं उत्तर असं, की आमच्याकडे असले लोक नाहीतच. नसलेल्यांना पकडणार कसं?

तिथून पळून जाणाऱ्यांचा प्रवास डेव्हिड फ्रान्स यांनी ‘वेलकम टू चेचन्या’ या २०२० च्या माहितीपटात दाखवला. बॅगा, विमानतळ, बनवून सांगितलेली कारणं, पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोरचे ते दोन मिनिटं. समलिंगी माणसाच्या प्रवासाचं वार्तांकन म्हणायचं तर हेसुद्धा तेच आहे, फक्त परतीचं तिकीट नाही. या लोकांचे चेहरे दाखवले तर जीव धोक्यात, आणि काळा पट्टा मारला तर ती माणसं वाटत नाहीत. म्हणून न्यूयॉर्कच्या काही कार्यकर्त्यांनी आपले चेहरे दिले आणि संगणकाच्या साहाय्यानं ते पळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बसवले गेले. डोळे कुणाचे, अश्रू कुणाचे, हे मात्र पुसलं गेलं नाही. आणि यातला एक जण, मक्सिम लापुनोव, स्वतःच्या नावानं समोर येतो तेव्हा पडद्यावर तो उसना चेहरा विरघळतो आणि खरा दिसतो. त्यानं ते स्वतः ठरवलं होतं. २०२३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

आता केसमेंटकडे परत या. १९०४ च्या अहवालातून नावं कुणी काढली? परराष्ट्र खात्यानं. १९१६ ला त्याची वही कुणी दाखवली? पोलिसांनी. दोन्ही वेळा निर्णय त्या माणसाचा नव्हता. नाव उघड करावं की झाकावं, याला एकच एक नियम नाही. जालियनवाल्यातल्या साक्षीदारांनी नाव दिलं, कैरोच्या तरुणांनी तोंड झाकलं. दोघंही बरोबर होते. तपासायचं ते एवढंच, की ज्याचा जीव पणाला लागला आहे त्याला विचारलं होतं का.

आपल्याकडे कलम ३७७ चा तो भाग ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. १८६० च्या दंड संहितेतून आलेलं हे कलम इंग्रजांनी इतर वसाहतींतही नेलं, आणि त्यातल्या अनेक देशांत त्याचे वारसे अजून कायद्यात आहेत. म्हणजे इथून निघणाऱ्या प्रवाशाला विमान उतरताच तोच जुना कायदा पुन्हा भेटू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर एखादा भयंकर व्हिडिओ आला, की पुढे ढकलण्याआधी दोन प्रश्न विचारू या : हे कुठलं आणि केव्हाचं आहे, आणि हे पसरल्यानं यातल्या कुणाचं काय होईल? पहिला प्रश्न विरकरांच्या भिंतीनं शिकवला, दुसरा केसमेंटच्या वहीनं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.